काया की कोयता

माझ्यासमोर कुणी जुन्या गाण्याची नवी आवृत्ती लावली की माझं डोकं फिरतं, हे बीडमध्ये मला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका लग्नात मी अर्धी जिलबी ताटात टाकून पंगतीतून उठलो होतो. बँडवाल्यांनी एका जुन्या विरहगीताचं नाचाचं गाणं करून टाकलं होतं आणि नवरदेवाचे मित्र त्यावर रुमाल उडवत होते. लोक म्हणाले, अन्नावर कसला राग? मी म्हणालो, अन्नावर नाही, पण हे ऐकत घास उतरत नाही. बायको माझ्या मागोमाग उठली नाही. तिने जेवण पूर्ण केलं, माझी उरलेली जिलबीही खाल्ली आणि घरी आल्यावर म्हणाली, "लगीन त्यांचं, बँड त्यांचा, तुमाला कावून इतकं झोंबतंय?"

मी नोकरीभर बसस्टँडवर कंट्रोलर होतो. खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि माइकवर त्या पुकारायच्या. आमच्या भागात पाटोद्याचं पाटुदा होतं आणि बसचं बश्श होतं, पण मी 'पाटोदा' म्हटलं की त्यातला 'टो' शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यालाही कळायचा. एकदा एक बाई मुद्दाम खिडकीशी येऊन म्हणाली होती, साहेब, तुमी रेडिओवर पायजे होते. ते वाक्य मी पुढे इतक्या लोकांना ऐकवलं की बायकोला त्यातला प्रत्येक शब्द पाठ झाला होता. रिटायर झाल्यावर पुकारायला काही उरलं नाही, तेव्हा ती सगळी शिस्त गाण्यांवर येऊन पडली.

मूळ गाणं आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी लावून ऐकायची, हा माझा छंद. कॅसेटच्या काळात बाजारात स्वस्तातल्या कॅसेटी मिळायच्या. वर हिरो-हिरोईनचं चित्र तेच, गाणी तीच, पण गाणारे दुसरेच कुणीतरी. तशी त्या गाणाऱ्यांची नावंही असायची त्यावर, पण इतकी बारीक की ती वाचायला चष्मा नाही, भिंग हवं. खेड्यापाड्यांतली निम्मी माणसं आयुष्यभर तीच गाणी खरी समजून ऐकत आली. मी मात्र अशी कॅसेट दोन ओळींत ओळखायचो. नक्कल करणारा श्वास चुकीच्या जागी घेतो. शब्द त्याच्या तोंडात असतात, पोटात नसतात. आणि वाद्यं तर विचारू नका, नाकापेक्षा मोती जड.

एक जुनं मराठी युगुलगीत माझं फार लाडकं आहे. कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ते मोबाइलवर लावाल आणि नेमकी नव्या पोरांनी गायलेली आवृत्ती लावाल. त्याची पहिली ओळ तेवढी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या ओळीवरच अडलेलं आहे. 'एक काया, दोन छाया, चाललो वाटेवरी.' मूळ गाण्यात गायिका 'काया' म्हटल्यावर किंचित थांबते आणि तिचा श्वास ऐकू येतो. पहिल्या कडव्यानंतर बासरी अर्धी मात्रा उशिरा येते. वाजवणाऱ्याची चूकच ती, पण ती तशीच राहू दिली आहे. नंतरच्या कुठल्याही आवृत्तीत तो श्वासही नाही आणि ती चूकही नाही. पाहुणा आला की मी त्याला ही दोन ठिकाणं ऐकवायचो. पाहुणे हळूहळू कमी झाले, त्याचं हेही एक कारण असावं.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये कराओके असतं. मोबाइलवर गाण्याचं नुसतं संगीत लावायचं आणि माइक धरून आपण गायचं. रिटायर झालेले इंजिनिअर, मास्तर, औषधांचे दुकानदार, त्यांच्या बायका. माझ्यासारख्या माणसाने तिथे पाऊलही टाकायला नको होतं, कारण ती सगळी नकलांचीच जत्रा. पण मला तिथे एक काम मिळालं. प्रत्येकाचं गाणं झालं की मी उठून मूळ गाण्याशी ते कुठे जुळलं, कुठे घसरलं ते सांगायचो. लोक हसून ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, आपल्या ज्ञानाचा मान ठेवतात. बायको म्हणायची, "त्यांना चहा येईपर्यंत टाइमपास लागतो."

ती स्वतः कधी यायची नाही. एका रविवारी मात्र तिने नवी साडी नेसली, गजरा माळला आणि स्कूटरवर मागे येऊन बसली. म्हणाली, "मला बी एक म्हणायचंय." मी विचारलं, कोणतं? "तुमचंच," ती म्हणाली. मला बरं वाटलं. इतकी वर्षं ते गाणं घरात वाजत होतं, त्याचं काहीतरी तिच्यात उतरलं असणार असं मी धरून चाललो.

तिचा आवाज जाड होता, मोकळ्या रानात मोठा झालेला. माइक तिने तोंडापासून हातभर लांब धरला तरी हॉल भरून गेला. चहाचे कप मांडणारा माणूस थांबून बघायला लागला. आणि तिने ओळ घेतली, 'एक कोयता, दोन छाया, चाललो वाटेवरी.'

इंजिनिअरसाहेबांची बायको पहिल्यांदा हसली. "अहो वहिनी, प्रेमाच्या गाण्यात कोयता कुठून आला?" मग बाकीचेही हसले. वाईट हेतूने नाही, चांगलेच लोक होते ते. बायकोही हसली आणि पुढची ओळ घ्यायला तोंड उघडलं. मी उठलो आणि तिच्या हातातून माइक घेतला.

मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, नको असताना आठवतं. मी म्हणालो, "मंडळी, हा अगदी अभ्यास करण्यासारखा नमुना आहे. एक मूळ गाणं. त्याची एक स्वस्तातली नक्कल, ज्यातली गायिका 'काया' असं गिळून म्हणते की पत्ताच लागत नाही. आणि ती नक्कल ऐकून झालेली ही तिसरी. नकलेची चुकलेली नक्कल. शिवाय 'काया'ला 'छाया' हे यमक आहे, 'कोयता'ला काय आहे?" भरपूर हशा झाला. कंट्रोलरसाहेब म्हणजे कंट्रोलरसाहेब, असं कुणीतरी म्हणालं. बायको जाऊन खुर्चीवर बसली आणि गजरा नीट करत राहिली. गाणं अर्धंच राहिलं.

यमक हे निमित्त होतं. खरं काय ते आता सांगतो. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. नवरा-बायको जोडीने जातात आणि त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्यांना नेणाऱ्या मुकादमाच्या यादीत माणसं नसतात, कोयते असतात. जोडीतलं एक मेलं किंवा सोडून गेलं की मागे राहतो तो अर्धा कोयता. माझी बायको पाटोद्याकडची, अशाच घरातली. माझं घर कडा गावाकडचं, विहीर-बागायत असलेलं. आमच्यातून कुणी कधी तोडीला गेलं नाही, याचा मला ताठा होता आणि त्यात माझा काडीचाही वाटा नव्हता. स्थळ तिच्या मामांनी आणलं होतं आणि मुलगी आपल्याच घरी वाढली एवढंच त्यांनी सांगितलं होतं. खरं काय ते लग्नानंतर कळलं. मी ते स्टँडवर कुणाला सांगितलं नाही, त्या रविवारच्या हॉलमध्ये तर नाहीच नाही. तिने 'कोयता' म्हटलं तेव्हा माझे कान तापले. मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं. मी तिला दुरुस्त केलं नाही, झाकलं.

त्या दिवशी परत येताना मी स्कूटर पाली गावाकडे वळवली. बिंदुसरेच्या धरणावर आम्ही अधूनमधून जायचो, शेंगा खायचो. पाणी बरंच खाली गेलं होतं. ती भिंतीवर बसून बराच वेळ शेंगा फोडत राहिली, एकही दाणा तोंडात टाकला नाही, सगळे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, "ते चुकून न्हाई म्हणलं मी. मला ठावं हाय रेडिओवर काय म्हणतेत ते."

"मग?"

"आमचा बाप गेला तवा माय अर्धा कोयता झाली. अर्ध्याला मुकादम घीना. मंग मला शाळेतून काढलं आन् मायच्या जोडीला लावलं. ती तोडायची, मी शेंड्याचं वाडं छाटून मोळ्या बांधायचे. मायलेकी मिळून एक कोयता. ट्रॅक्टरवाला हे गाणं लई लावायचा. लागलं की माय म्हणायची, ऐक गं, आपलंच गाणं लावलंय. एक कोयता, दोन छाया. सांजच्याला सावल्या बी लांब पडायच्या आमच्या, उसाच्या फडाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला तवा वाटायचं, हे गाणं कुणीतरी आमाला बघूनच लिवलं."

ती कधीच इतकं सलग बोलायची नाही. मी तिच्याकडे पाहिलं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. अशा वेळी माणसाने काय बोलावं हे कुणालाही कळेल. मी म्हणालो, "ते सगळं खरं गं. पण गाण्यात 'काया' आहे."

"आसंल," ती म्हणाली आणि शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला शिकवा ते नीट." मी खूश झालो, दुसरं काय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा मी रिकामाच होतो. रोज सकाळी ती भाजी निवडायची आणि मी समोर खुर्ची टाकून बसायचो. मी 'एक' म्हणायचो, ती 'कोयता' म्हणायची. मी थांबवायचो. पुन्हा. कधी 'काया' यायचं, कधी जीभ आपोआप जुन्या वाटेला लागायची आणि ती स्वतःवरच चिडायची. मी तिला मूळ गाण्यातला तो श्वासही शिकवला, कुठे घ्यायचा आणि किती. महिनाभर हे चाललं. पुढेपुढे तर मी झोपेतून उठवलं असतं तरी तिने 'काया'च म्हटलं असतं.

मग ती पुन्हा रविवारी आली आणि तिने ते गाणं अगदी बरोबर गायलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरसाहेबांच्या बायकोने तिला मिठी मारली. मला काढण्यासारखी एकही चूक सापडली नाही आणि तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण नक्कल कशी ओळखायची ते मीच गावाला सांगत फिरत होतो. त्या गाण्यात तिचा आवाज होता, ती नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मी येताना पेढे घेतले.

त्यानंतर ती कराओकेला आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. घरातही गुणगुणणं थांबलं. भांडी घासताना, दळण निवडताना ती काहीतरी म्हणत असायची ते बंद झालं आणि घर शांत झाल्याचं मला किती महिने कळलंही नाही, कारण माझा स्पीकर चालूच असायचा.

मग एका सकाळी मेथी निवडताना जुडी तिच्या हातातून सुटली. मी वर पाहिलं तर ती मला हाक मारायला बघत होती. 'अहो' मधला 'ओ' तेवढा आला, तोही वाकडा. उजवा हात लोंबत होता. बीडच्या डॉक्टरांनी मोठ्या शहरात पाठवलं, तिथे पंधरा दिवस काढले. जीव वाचला. पाय थोडा परत आला, हात आला नाही, आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळ्यांत सगळं दिसतं. पण तोंडून एकच शब्द येतो, 'न्हाई'. चहा घेणार का, तर 'न्हाई' म्हणते आणि कप हातात घेते. दुखतंय का, 'न्हाई'. लेक पुण्याहून आली, तिला उराशी धरून 'न्हाई, न्हाई, न्हाई'.

जिने चार वाक्यांत मला जमिनीवर आणावं अशी ती बाई. आता मी चिडलो तरी समोरून उत्तर येत नाही. घरात एकट्याचंच बोलणं चालतं आणि ते मला ऐकवत नाही.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणारी एक मुलगी घरी येते. समजावून सांगणारी आहे. म्हणाली, "काका, बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, ती दुखावलीय. गाण्याची बरीचशी उजव्या बाजूला असते. बोलता न येणारी माणसं कधी कधी गाऊ शकतात. काकूंना अगदी पाठ असलेलं एखादं गाणं आहे का?"

आम्ही आधी आरत्या म्हणून पाहिल्या. मग तिच्या माहेरची दोन-तीन गाणी, लेकीला जेवढी आठवत होती तेवढी. ती टक लावून ऐकायची, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. ते एक गाणं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर आशाही वाटत होती. लहानपणी पडलेलं शेवटपर्यंत जात नाही म्हणतात. माझ्या मनात आलं, मी शिकवलेलं सगळं त्या झटक्यात धुऊन गेलं असेल आणि खालचं, तिच्या आईचं, तेवढं शिल्लक असेल. ती 'कोयता' म्हणेल. पुन्हा एकदा त्या जाड आवाजात म्हणेल, आणि मी यावेळी गप्प बसून ऐकेन. दुसरं काही नको, एवढं एकदा मिळू दे, असं मी देवघरासमोर उभा राहून म्हणालो. एरवी मी तिथे फारसा उभा राहत नाही.

ती मुलगी म्हणाली, "पहिला शब्द तुम्ही सुरात म्हणा आणि थांबा. पुढचा त्यांना म्हणू द्या. घाई करू नका."

लेक शेजारी बसली होती. मी बायकोचा डावा हात धरला आणि 'एक' म्हणालो. थांबलो. तिचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कपाळावर घाम आला. आणि तिने सुरात, स्वच्छ म्हटलं, 'काया'.

आणि मी शिकवला होता तिथेच, तेवढाच श्वास घेतला.

लेक रडायला लागली. त्या मुलीने टाळ्या वाजवल्या, इतक्या महिन्यांत 'न्हाई' सोडून पहिला शब्द आला होता. मीही हसलो असेन. मग चहा ठेवतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी तिच्यासमोर बसलो. "अगं, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुझंच बरोबर होतं. कोयता म्हण. एक... को..." ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. "को... का... को..." मग दोन्ही शब्द तिच्या हातून सुटले. ती घाबरली. जे एक कसंबसं सापडलं होतं तेही चूक आहे असं मीच तिला सांगत होतो. "न्हाई, न्हाई," म्हणत ती रडायला लागली आणि पुढचे दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही.

ती मुलगी माझ्यावर चांगलीच रागावली. "काका, तुम्ही त्यांना गोंधळात टाकताय. एकच शब्द धरून ठेवा. कुठला का असेना. त्यांनी म्हटला की लगेच 'बरोबर' म्हणा. त्याच्यावरच पुढचे शब्द येतील." मी होय म्हणालो. ती सांगते ते खरं आहे, मला पटतं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही बसतो. मी 'एक' म्हणतो आणि थांबतो. ती ओठ जुळवते, जोर लावते, 'काया' म्हणते आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघते, आपलं चुकलं तर नाही ना म्हणून.

"बरोबर," मी म्हणतो.